पाठकोऱ्या कागदांचं पुस्तक

पुण्यातल्या आमच्या संघटनेच्या खोलीत चार लोखंडी कपाटं आहेत आणि चारही पत्रकांनी भरलेली आहेत. संपाची, मोर्च्यांची, फीवाढीविरुद्धची, धरणाविरुद्धची. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षापासून पत्रकं लिहिते. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे. माणूस ते चालता चालता वाचतो, म्हणून पहिल्या ओळीत कोणी कोणाचं काय केलं ते आलं पाहिजे, शेवटच्या ओळीत आता काय करायचं ते, आणि मधे कुठेही शंका नको. हे आधीच सांगून ठेवते, कारण या फेब्रुवारीत मी सहा दिवस दिल्लीत होते आणि तिथे या शास्त्राने माझा पार मोरू केला.

गेले होते पुस्तकं गोळा करायला. दुकानातली नव्हेत. तीसेक वर्षांपूर्वी दिल्लीत पंक संगीत वाजवणारी काही कॉलेजची पोरं होती. गिटारचे तीन सूर आले की पुरे, गाता नाही आलं तरी चालेल, पण गप्प बसायचं नाही, असं ते कर्कश संगीत. विलायतेत सुरू झालं आणि कॅसेटवरून कॅसेट उतरवत इथवर पोचलं. या पोरांना कोणी छापत नव्हतं, म्हणून ती स्वतःच पुस्तकं करायची. चित्रं काढायची, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवायची, सायक्लोस्टाइलवर दहा-बारा प्रती काढायच्या, हातानेच बांधायच्या आणि गाण्याच्या कार्यक्रमात वाटून टाकायच्या. आता हीच पुस्तकं ‘कलाकृती’ झाली आहेत आणि पैसेवाले ती विकत घेऊन काचेत ठेवतात. वाटण्यासाठी केलेली वस्तू काचेत. माझं डोकं फिरलं ते तिथे. आमच्या खोलीत ती कोणालाही हाताळता येतील, असा विचार होता.

विचारात अहंकारही होता. तो पुढे कळेल.

काचेमागचं पान

उतरले होते लाजपतनगरात, आदितीकडे. ती माझी पुण्याची मैत्रीण, नोएडात एका कंपनीत नोकरीला आहे आणि तीन वर्षांत तिचं मराठी अर्धं हिंदी झालंय. पुण्याचं एक पातळ जाकीट घालून मी दारात उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, “हे काय आहे? हे जाकीट नाही, ही अफवा आहे यार.” दुसऱ्या दिवशी तिचाच स्वेटर घालून मी बाहेर पडले.

पहिली भेट दक्षिण दिल्लीतल्या एका संग्राहकाशी. नाव लिहीत नाही, कारण माणूस वागायला सभ्य होता. आत गेल्याबरोबर न विचारता ट्रेमध्ये पाणी आलं. आपल्याकडे “पाणी घेणार का?” असं विचारतात आणि आपण “नको नको” म्हणतो. दिल्लीत तो प्रश्नच नाही. पाणी येतं, आपण पितो. ही पद्धत मला आवडली. बाकी काही आवडलं नाही.

भिंतीवर एक चौकट होती आणि तिच्यात एकच पान. काळ्या शाईत एक कर्णा, आणि कर्ण्याच्या तोंडात कोंबलेली उशी. ‘आवाज़ नीचे’ या पुस्तकातलं. सगळ्यांत आधीच्या पुस्तकांपैकी एक, बारा प्रती निघाल्या होत्या, आणि त्याच्याकडे होतं ते एवढं एक सुटं पान.

“कागद देखिए,” तो म्हणाला. “दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेत. जाणूनबुजून. आवाज आत दाबून टाकल्यासारखा. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी असा विचार करते, सोचिए.”

“कोण होती?” मी माहीत नसल्यासारखं विचारलं.

“नीलिमा साळवे. फरीदाबादला असते. मैंने छह बार फोन किया. उचलत नाही.”

माझ्या खिशातल्या फोनवर नीलिमाताईंचा निरोप होता: ‘बुधवारी अकरा वाजता ये. जेवूनच जा.’ मी फक्त मराठीत लिहिलं होतं, एवढाच फरक.

फरीदाबाद, बुधवार

मेट्रोने फरीदाबाद गाठलं. स्टेशनबाहेर ई-रिक्षा, कारखान्यांच्या पाट्या, आणि पाच मिनिटांत पाच राज्यांच्या भाषा कानावर. नीलिमाताई तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय चौपन्नच्या आसपास, केस बारीक कापलेले, पायांत लोकरीचे मोजे आणि वर चप्पल. त्या एका शाळेत चित्रकला शिकवत होत्या, आता घरी क्लास घेतात. मी काकू म्हणाले तर म्हणाल्या, “काकू मत बोल. इथे सगळे आंटी करून मारतात, तू तरी ताई म्हण.”

घरात येशूची तसबीर, खाली ताईंच्या वडिलांचा फोटो. कोट, जाड चष्मा, हसू नाही. वडील अहमदनगरकडचे. एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ताईंचं बालपण गेलं.

जेवायला शेंगोळे होते. दिल्लीजवळ शेंगोळे मिळतील असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

“हुलग्याचं पीठ नगरहून येतं,” ताई म्हणाल्या. “मराठी थोडं थोडं विसरले, हे नाही विसरले. घे अजून. तू लढणारी आहेस ना, मग खा.”

जेवण झाल्यावर त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. आठ पानं. जाड, थोडी वाकलेली, एका कोपऱ्यात भोक पाडून फाइलीच्या हिरव्या टॅगने बांधलेली. तोच सरकारी टॅग, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी असलेला. वर जांभळ्या रबरी शिक्क्याने नाव: ‘आवाज़ नीचे’. त्यांच्या क्वार्टरच्या लाइनमधले शेजारी खिडकीतून हेच ओरडायचे, ताई सांगत होत्या, कारण यांचा बँड यांच्याच बाहेरच्या खोलीत वाजवायचा.

मी पानं उलटली. दुसऱ्या पानावर मला मोठ्याने हसू आलं. खरकट्या भांड्यांचा डोंगर, त्याच्या शिखरावर बुटांना सेफ्टी पिना लावलेली एक मुलगी, हातात काथ्या. खाली कापलेल्या अक्षरांत: ‘कमला भाग गई, अब क्रांति बर्तन माँजे.’

“ही कमला कोण?”

“आमची कामवाली. एक दिवस यायची बंद झाली. आई किती वर्षं बोलायची, न सांगता गेली, न सांगता गेली. भांडी माझ्या गळ्यात. मग मी तिच्यावर पान काढलं.”

“हे आमच्या पोस्टरवर घेऊ,” मी म्हणाले. तेव्हा मला ते सगळ्यांत धारदार पान वाटलं होतं. क्रांतीची थट्टा करायला हिंमत लागते, वगैरे.

मग मी संग्राहकाचं ते जाड पानांचं तत्त्वज्ञान सांगितलं. ताई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

“तत्त्वज्ञान कसलं गं. पप्पांच्या ऑफिसचे कागद होते. काय म्हणतात त्याला, एका बाजूने लिहिलेले?”

“पाठकोरे.”

“हां, पाठकोरे. चुकलेले ड्राफ्ट फेकून द्यायचे असत ना, ते पप्पा दर शनिवारी आणायचे. मी कोऱ्या बाजूवर छापायचे, आणि लिहिलेली बाजू दिसू नये म्हणून दोन-दोन चिकटवायचे. मैद्याच्या लेईने. पप्पांनी एकच अट घातली होती. लिहिलेलं वाचायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. सरकारी कागद होता, बेटा. नोकरी गेली असती.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “चाळीस वर्षं नोकरी केली, एक पेन्सिल घरी आणली नाही. हे एवढंच आणलं, माझ्यासाठी. म्हणून मी ते कोणाला विकत नाही. काचवाल्या माणसाने उद्या पान सोललं तर? पप्पा चोर ठरतील.”

मी विचारलं, आमच्या खोलीला द्याल का. त्या बराच वेळ टॅगशी खेळत राहिल्या.

“दोन दिवस घेऊन जा. वरवरच्या कॉप्या काढ. पण पानं उघडायची नाहीत. शुक्रवारी परत आण, तेव्हा सांगते द्यायचं की नाही.”

मेट्रो

दिल्लीच्या मेट्रोत शिरताना बॅग तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावी लागते. मी पुस्तक अभ्र्यासकट बॅगेत उभं ठेवलं होतं आणि शेजारी पाण्याची बाटली. मागच्या बाईंनी “जल्दी करो ना” म्हटलं, तशी मी बॅग आडवी टाकली. यंत्रातून ती आडवीच आली. गाडीत जागा मिळाली, बॅग मांडीवर घेतली, आणि दोन-तीन स्टेशनांनंतर मांडी गार लागली.

आदितीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी अभ्रा उलगडला. जांभळा शिक्का फुटून वेलासारखा पसरला होता. सायक्लोस्टाइलची शाई तेलाची, तिला काही झालं नव्हतं. पण तीस वर्षांची खळ विरघळली होती. तीन पानं आपोआप सुटली. मी सोलली नाहीत. हे मी आदितीला पाच वेळा सांगितलं.

“ओके, नाही सोललीस,” आदिती म्हणाली. “आता वाचू नकोस.”

मी वाचलं.

टाइप केलेले मसुदे होते, कार्बनच्या प्रती. दोन कागदांवर फर्निचरची मागणी. एकावर रजेचा हिशेब. आणि तीन कागद एका यादीचे. सरोजिनी नगरच्या मागच्या नाल्यालगतची एक वस्ती हलवायची होती, त्या वस्तीतल्या माणसांची यादी. क्रमांक, नाव, कुटुंबात किती, आणि शेवटचा रकाना ‘नई जगह’. तो रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा. तपासताना मारलेल्या पेन्सिलच्या बारीक खुणा प्रत्येक ओळीला. खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं, ताईंच्या वडिलांची.

माझ्या डोक्यात पत्रक तयार व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मंत्रालयातला एक साधा कारकून. डोळ्यांदेखत वस्ती उठवली जातेय. बोलायची सोय नाही, म्हणून तो यादी बाहेर काढतो आणि बंडखोर मुलीच्या पुस्तकाच्या पोटात लपवतो. मी फोटो काढले आणि पुण्याच्या आमच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: ‘कारकुनाने फोडली यादी.’

“तू त्यांना फोन केलास का?” आदितीने विचारलं.

“शुक्रवारी सांगणारच आहे.”

“पहिले त्यांना, मग दुनियेला. असं नसतं का तुमच्यात?”

असं नसतं आमच्यात. आमच्यात आधी दुनियेला. पत्रक थांबलं की शिळं होतं, आम्हाला असंच शिकवलंय. तिला हे सांगताना मला ते बरोबर वाटत होतं.

सरोजिनी नगर, गुरुवार

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सुमितने पोस्टर करूनही पाठवलं. लाल पार्श्वभूमी, चष्मा लावलेल्या माणसाची छाया, वर ‘एका कारकुनाचं धाडस’. खाली यादीचा फोटो, आद्याक्षरांसकट. फारच छान झालं होतं.

मी ती जागा बघायला निघाले. सरोजिनी नगरचा बाजार नेहमीसारखा उकळत होता. स्वेटरच्या ढिगावर उभे राहून पोरं ओरडत होती, आणि दिल्लीच्या बायका त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून नेमका हवा तो कपडा ओढून काढत होत्या. तुळशीबागेत आपण घासाघीस करतो तेव्हा तोंडाने करतो. इथे बाई भाव ऐकते, काही न बोलता चालू लागते, आणि दुकानदारच मागे येतो. मी चालू लागले तर कोणी मागे आलं नाही. आदितीचा स्वेटर परत करता यावा म्हणून सांगेल त्या भावाला एक घेतला.

क्वार्टर शोधायला पलीकडे गेले. जुन्या पिवळ्या लाइनींचा मागमूस नव्हता. पत्र्याचं कुंपण आणि आत उंच नव्या इमारती. कोपऱ्यावर एका झाडाखाली प्रेसवाले चाचा कोळशाची इस्त्री फिरवत होते. मी पुस्तकाची कथा न सांगता फक्त विचारलं, मागे नाल्याजवळ वस्ती होती ना?

“थी,” ते म्हणाले. “कब की गई. मेरी बुआ भी वहीं रहती थी.”

“कुठे नेलं त्यांना?”

“ले कौन गया? उठाया. जो जहाँ टिक गया.” त्यांनी शर्टाची कॉलर उलटली. “आप अख़बार से हो?”

“नाही.”

“तो फिर इतने साल बाद क्यों पूछ रही हो?”

माझ्या फोनमध्ये एक लाल पोस्टर होतं आणि त्यावर एका कारकुनाची छाया होती. यादीतल्या एकाही माणसाचं नाव मी अजून नीट वाचलेलं नव्हतं. खालची आद्याक्षरं तेवढी वाचली होती.

तिथेच कठड्यावर बसून मी फोटो मोठे करून वाचायला लागले. एक, दोन, तीन. प्रत्येक नावाला थांबून. एक्केचाळिसाव्या नावाला मी फोन खाली ठेवला.

चाचांनी विचारलं, पानी पियोगी?

पुन्हा फरीदाबाद

कबूल करते, गुरुवारी संध्याकाळी आदितीच्या डब्यातला मैदा काढून मी गॅसवर पाणी ठेवलं होतं. तीन पानं चिकटवायला किती वेळ लागतो? आदिती दारात उभी राहून बघत होती.

“चिकटव,” ती म्हणाली. “पण मग तुझं ते कपाट आहे ना, चार-चार कपाटं, ती सगळी विकून टाक आणि त्या काचवाल्याकडे नोकरीला लाग.”

मी गॅस बंद केला. सुमितला फोन करून पोस्टर मागे घ्यायला सांगितलं. तो चिडला, आणि त्याच्या जागी मीही चिडले असते. तोवर ते तीन ग्रुपवर गेलं होतं.

शुक्रवारी ताईंच्या टेबलावर मी सुटलेली पानं ठेवली आणि सगळं सांगितलं. बाटली, पट्टा, फोटो, ग्रुप, प्रेसवाले चाचा. शेवटी पोस्टरही दाखवलं. त्या चष्मा वर करून ते बघत राहिल्या.

“धाडस?” त्या म्हणाल्या. “पप्पा? अगं, ते रिक्षावाल्याशी पण भांडायचे नाहीत. जास्त मागितले तर देऊन टाकायचे आणि घरी येऊन आईशी न बोलता बसायचे.”

“पण ताई, त्यांनी ही यादी बाहेर आणली.”

“फर्निचरची मागणी पण आणली. ती पण फोडली का त्यांनी?” आवाज चढला नव्हता, पण मला खुर्चीत मागे सरकावंसं वाटलं. “त्यांना कागद वाया गेलेला आवडायचा नाही, रेवती. आणि मी कागद मागायचे. एवढंच असेल. कदाचित जास्त असेल. ते तुला माहीत नाही आणि मला पण माहीत नाही. मग तू कसं लिहिलंस?”

मी म्हणाले, चुकलं.

“चुकलं तर आहेच.” त्यांनी यादीचा पहिला कागद ओढला. “आता वाचू दे.”

एक्केचाळिसाव्या नावाचं तेवढं मी सांगितलं नव्हतं. त्या बोट ठेवून वाचत गेल्या. चित्रकलेच्या बाईंचं बोट, नखाखाली रंग. दुसऱ्या कागदावर मधे ते थांबलं.

‘४१. कमला, विधवा. कुटुंब ३.’

शेजारी पेन्सिलची खूण, इतर सगळ्यांना होती तशीच. ना ठळक, ना पुसट.

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची ती टीं-टीं बराच वेळ चालली.

“दुसरी असेल एखादी,” मी म्हणाले.

“दोन मुलं होती तिला. मोठीचं नाव पिंकी.” ताईंनी कागद उलटला. मागच्या बाजूला त्यांनीच काढलेली, तार तुटलेली एक गिटार होती. मग त्यांनी पुस्तकातलं दुसरं पान काढलं, भांड्यांच्या डोंगराचं, आणि दोन्ही शेजारी ठेवली. “आई म्हणायची न सांगता गेली. म्हणून मी हे काढलं. सगळे किती हसले होते तेव्हा. स्टेजवरून वाचून दाखवलं होतं मी.”

“वडिलांना माहीत असेल?”

“त्यांनी टाइप केलं. खूण केली. मग कागद मला आणून दिला.” त्या फोटोकडे वळल्या. “पण ते तिला ‘बाई’ म्हणायचे. बाई आल्या का, बाईंना चहा दे. तिचं नाव त्यांना माहीत होतं का, हेच मला आठवत नाही.”

माझ्याकडे दोनच माणसं असतात, धाडसी आणि गुन्हेगार. फोटोतला माणूस दोन्हींत बसेना. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्याकडे बघून स्वतःला चुकवत होते. बुधवारी त्या पानावर मीच सगळ्यांत मोठ्याने हसले होते.

“आपण शोधू त्यांना,” मी म्हणाले. सवय.

“कुठे? हा रकाना बघ.” ‘नई जगह’. रिकामा. “आणि भेटली तर काय सांगू? की तुझं घर पाडलं आणि मी तुझ्यावर विनोद केला?” जरा वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, “तरी तो प्रेसवाला कोण म्हणालीस, त्याची आत्या तिथली होती? त्याची जागा मला लिहून दे. मी जाईन. तू नको येऊस, तू पोस्टर काढशील.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही दाबलं.

मग त्या उठल्या. पातेल्यात मैदा आणि पाणी घेऊन ढवळत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता पुस्तक पुन्हा बंद होणार आणि उशीच्या अभ्र्यात जाणार. त्यांच्या जागी मी तेच केलं असतं.

“याला तुम्ही लोक लेई नाही म्हणत ना?”

“खळ.”

“हां. खळ. आई म्हणायची.”

ओल्या फडक्याने त्यांनी उरलेली पाच पानंही एकेक करून सोडवली. हळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी. त्यांत यादीचा आणखी एक कागद निघाला, बाकी रजा आणि टेबलखुर्च्या. मग प्रत्येक जोडी फक्त टॅगच्या कडेला, बोटभर रुंदीत चिकटवली. आता प्रत्येक पान पुन्हा आत उघडत होतं. चित्र, मागे टाइप केलेला कागद, समोर टाइप केलेला कागद, मागे चित्र. वाळायला आम्ही ती बाल्कनीत दोरीवर लावली, चिमट्यांनी. समोरच्या बाल्कनीतल्या बाई विचारत होत्या, “नीलिमा, ये क्या सुखा रही हो?” ताई म्हणाल्या, “पुराने पाप हैं, भाभी. आप चाय पियोगी?”

पुस्तक माझ्या हातात देताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. काचेत ठेवायचं नाही. पप्पांना हीरो करायचं नाही आणि चोर पण नाही. आणि भांड्यांच्या पानाखाली काही लिहायचं नाही.

“एखादी ओळ तरी लिहू दे,” मी म्हणाले. “लोक हसतील ना त्या पानावर.”

“हसू देत. मी पण हसले होते. ते दिसलं पाहिजे.”

पुणे

परत आल्यावर मी त्या संग्राहकाला फोन केला. त्याच्या चौकटीतल्या पानाच्या पोटातही दोन कागद आहेत, खळ ओलसर फडक्याने सुटते, हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, उघडलं तर ती वस्तू ती राहणार नाही, आणि किंमतही राहणार नाही. बारा प्रतींच्या पोटांत वेगवेगळे कागद आहेत. त्याच्या कर्ण्यामागे टेबलखुर्च्या असतील. नसतीलही.

ताईंचा मधे एक निरोप आला. चाचांची आत्या वारली. तिच्या मुलीला एक कमला आठवते, पण ती हीच का, ते सांगता येत नाही. ताई पुन्हा जाणार आहेत.

पुस्तक आमच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर आहे. शेजारी चिठ्ठी नाही, माहितीचा तक्ता नाही. सुमितला हे अजून पटलेलं नाही. लोक येतात, खुर्ची ओढतात, पानं उलटतात. दुसऱ्या पानावर सगळे हसतात. काही जण मला हाक मारून दाखवतात, हे बघितलंत का, भारी आहे.

मी हो म्हणते आणि खिडकीबाहेर बघत त्यांच्या बोटाची वाट बघते. गिटार यायला अजून चार पानं असतात. गिटार उघडली की यादी. बहुतेक जण ती वरवर बघून पुढे जातात. एखादा थांबतो. मग पानं उलटी जाऊ लागल्याचा आवाज येतो, एक, दोन, तीन, चार, आणि खोलीत कोणी हसत नाही.

त्या वेळी काही बोलायचं नाही, हे मला अजून जड जातं.